पुण्यात मुक्काम, नोव्हेंबरात ६५ पूर्ण: मेडिकेअरचा पार्ट बी आत्ताच घ्यावा का?

बाणेर_पाषाण

नमस्कार मंडळी. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल नेमका सल्ला हवा आहे. तपशील असा:

जन्म नोव्हेंबर १९६१. अमेरिकेचं नागरिकत्व, ओसीआय कार्ड, २०१९ पासून मुक्काम पुण्यात. अमेरिकेत १७ वर्षं नोकरी झाली, त्यामुळे सोशल सिक्युरिटीची (तिकडच्या सरकारी पेन्शन योजनेची) ४० क्रेडिट, म्हणजे कमाईवर जमा होणारे गुण, केव्हाच पूर्ण आहेत. सध्या हिंजवडीत पगारी नोकरी, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आम्ही दोघं. निवृत्ती ३१ मार्च २०२७. पत्नी ६२ वर्षांची, तीही अमेरिकी नागरिक, पण तिची क्रेडिट फक्त २४. सोशल सिक्युरिटीची पेन्शन ६७ पूर्ण होईपर्यंत सुरू करणार नाही. मुलगी न्यू जर्सीत असते, वर्षातून तीन महिने तिच्याकडे जाणं होतं. हातपाय थकले की कायमचं तिकडे जाऊ, पण कधी ते ठरलेलं नाही.

पार्ट बीचा (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) हप्ता यंदा, २०२६ मध्ये, महिना २०२.९० डॉलर, म्हणजे वर्षाला २,४३४.८० डॉलर. पुण्यातल्या हॉस्पिटलात त्यातून एक रुपया मिळत नाही. नाही घेतला तर जन्मभर दंड, असं जो तो सांगतो. मग घ्यावा की नाही? मुलीचा पत्ता देऊन खासगी कंपनीमार्फत मेडिकेअर देणारा शून्य हप्त्याचा अ‍ॅडव्हांटेज प्लॅन घ्या, असंही एकांनी सुचवलं, ते चालतं का? मेडिगॅप (मेडिकेअरमध्ये आपल्यावर राहणारा वाटा भरणारी खासगी पॉलिसी) केव्हा घ्यायचा? आणि पत्नीचं काय?

होबोकेनकर

आधी तारखा लावून घेऊ. या विषयात लोक अडकतात ते बहुतेक तारखांमध्येच.

तुमची पहिली नोंदणीची मुदत सात महिन्यांची आहे, ऑगस्ट २०२६ ते फेब्रुवारी २०२७. वाढदिवसाच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना आणि पुढचे तीन. (वाढदिवस १ तारखेचा असेल तर सगळं एक महिना अलीकडे सरकतं.) तुम्ही पेन्शन सुरू केलेली नाही, त्यामुळे आपोआप काहीच होणार नाही. पार्ट एसुद्धा (दाखल झाल्यावरच्या हॉस्पिटल खर्चाचा भाग) अर्ज करून मागावा लागेल. पेन्शन सुरू न करता नुसता पार्ट ए मागता येतो. पेन्शन घेणाऱ्यांनाही, ते अमेरिकेबाहेर राहत असतील तर, फक्त पार्ट ए आपोआप लागतो. पार्ट बी आपणहून मागावा लागतो.

४० क्रेडिट असल्यामुळे पार्ट ए तुम्हाला फुकट आहे, तो घेऊन टाका. अडचण फक्त हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये (आरोग्यखर्चासाठीच्या करसवलतीच्या अमेरिकी खात्यात) अजून पैसे भरणाऱ्यांना येते. ६५ नंतर उशिरा मागितलेला पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतो आणि त्या महिन्यांत खात्यात भरलेली रक्कम जादा ठरून तिच्यावर कर बसतो. पुण्यातल्या नोकरीत असं खातं नसतं, त्यामुळे तुम्हाला ती चिंता नाही.

आता पार्ट बी. फेब्रुवारी २०२७ ची धास्ती घेऊ नका. चालू नोकरीच्या जोरावर ग्रुप विमा असेल तर ते महिने दंडात धरत नाहीत, आणि ही सवलत परदेशातल्या नोकरीलाही लागू आहे. नोकरी किंवा विमा, जे आधी संपेल त्याच्या पुढच्या महिन्यापासून आठ महिने मिळतात. तुमच्यासाठी एप्रिल ते नोव्हेंबर २०२७. म्हणजे पार्ट बीचा निर्णय तुम्हाला ३० नोव्हेंबर २०२७ पर्यंत करायचा आहे, आणि तोपर्यंत दंड शून्य.

मात्र ‘चालू नोकरी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. काही कंपन्या निवृत्तांना ग्रुप पॉलिसीत दोन-चार वर्षं राहू देतात. तो विमा मेडिकेअरच्या हिशेबात चालू नोकरीचा धरत नाहीत, त्यामुळे आठ महिन्यांचं घड्याळ निवृत्तीपासूनच सुरू होतं. निवृत्तीनंतर त्याच कंपनीत सल्लागार म्हणून करार केला आणि मेडिक्लेम चालू राहिला, तरी पगारपत्रक बंद झालं असेल तर नोकरी संपली असंच समजून चाला. आणि स्वतः विकत घेतलेली मेडिक्लेम पॉलिसी कितीही चांगली असली तरी इथे कामाची नाही.

फॉर्म दोन. सीएमएस-४०बी हा तुमचा अर्ज, आणि सीएमएस-एल५६४ वर कंपनीने लिहून द्यायचं की नोकरी कधीपासून कधीपर्यंत होती आणि विमा कधीपासून कधीपर्यंत. पुण्यातल्या एचआरने हा कागद बहुधा पाहिलेलाच नसतो. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, फेब्रुवारीतच तो भरून सही-शिक्क्यानिशी हातात घ्या. सोबत ग्रुप पॉलिसीचं प्रत्येक वर्षाचं ई-कार्ड किंवा प्रमाणपत्र आणि रुजू होण्याचं पत्र ठेवा. दोन वर्षांनी एचआरमधली माणसं बदललेली असतात, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते, आणि मग ही सही मिळवणं महाकठीण होतं.

भारतात राहणाऱ्यांचं सोशल सिक्युरिटीचं काम मनिलातल्या अमेरिकी दूतावासातलं फेडरल बेनिफिट्स युनिट बघतं. पत्र, ईमेल, फोन यांत आठवडे जातात. मुदतीच्या शेवटच्या महिन्यात अर्ज टाकू नका, दोन महिने हाताशी ठेवा.

मुलीच्या पत्त्यावर अ‍ॅडव्हांटेज: मुळीच नको. तो प्लॅन त्या भागात प्रत्यक्ष राहणाऱ्यालाच मिळतो. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ भागाबाहेर राहिलात तर नाव काढून टाकतात. डॉक्टरांचं नेटवर्क ठरलेलं असतं, आणि खोटा राहता पत्ता दिल्याचं ऐन दाव्याच्या वेळी उघड झालं तर निस्तरणं फार अवघड जातं. शिवाय ‘शून्य हप्ता’ हा प्लॅनचा, पार्ट बीचे २०२.९० त्यातही भरावेच लागतात. पत्रव्यवहारासाठी मुलीचा पत्ता द्या, त्याला हरकत नाही. राहता पत्ता मात्र पुण्याचाच द्या.

आकडेमोड

दंडाची भीती जरा आकड्यांत मांडून बघू.

पार्ट बीशिवाय गेलेल्या दर पूर्ण १२ महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि ती वाढ पार्ट बी आहे तोवर राहते. पूर्ण १२ महिनेच मोजतात. ११ महिने झाले तर शून्य, २३ झाले तर १० टक्केच.

समजा तुम्ही २०२७ ची मुदत सोडून दिली आणि मार्च २०३२ मध्ये नाव घातलं. एप्रिल २०२७ पासून ६० महिने, म्हणजे दंड ५० टक्के. यंदाच्या दराने हप्ता ३०४.३५ डॉलर होतो, म्हणजे महिना १०१.४५ जास्त. उलट बाजूला पाच वर्षं न भरलेले हप्ते १२,१७४ डॉलर. भागाकार करा: १२० महिने. पार्ट बी सुरू झाल्यावर दहा वर्षं दंड भरलात तेव्हा कुठे वाचलेले पैसे संपतात.

पाच वर्षांऐवजी दोन किंवा आठ वर्षं थांबलात तरी उत्तर दहा वर्षंच येतं, कारण जितकी वर्षं टाळली तितकेच बारा-बारा हप्ते वाचले आणि तितकाच दहा-दहा टक्के दंड बसला. हप्ता दरवर्षी चढतो (२०२४ मध्ये १७४.७०, २०२५ मध्ये १८५, यंदा २०२.९०) आणि दंड त्या-त्या वर्षीच्या हप्त्यावर लागतो, हे खरं. पण वाचलेली रक्कमही पडून राहत नाही, ती ठेवीत वाढते.

तेव्हा ७० व्या वर्षी तिकडे गेलात तर पैशांच्या हिशेबात ८० पर्यंत तोटा नाही. कधीच गेला नाहीत तर सगळीच बचत. पुण्यात राहून केवळ दंडाच्या धाकाने दोघांचे मिळून वर्षाला ४,८६९.६० डॉलर भरत राहणं मला पटत नाही. (पत्नीचा हिशेब अर्थातच ती ६५ ची झाल्यावर सुरू होईल.)

बिलिंग_डेस्क

आकडेमोड यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो फक्त हप्त्याचा झाला. पार्ट बी नसताना अमेरिकेत आजारी पडलात तर काय, ते त्यात येत नाही. आणि प्रश्नकर्ते दरवर्षी तीन महिने तिथे असणार आहेत.

पार्ट ए म्हणजे हॉस्पिटल कव्हर, असा बहुतेकांचा समज असतो. पार्ट ए देतो तो अ‍ॅडमिट झाल्यावरचा हॉस्पिटलचा खर्च, यंदा १,७३६ डॉलर स्वतः भरल्यानंतर. अ‍ॅडमिट असतानाही सर्जनचं, भूल देणाऱ्याचं, तपासून जाणाऱ्या डॉक्टरांचं बिल पार्ट बीवर जातं. इमर्जन्सीत नेलं आणि रात्री घरी सोडलं, तर सगळं पार्ट बी. अ‍ॅम्ब्युलन्स पार्ट बी. सलाइनमधून दिलेली केमो, बाहेर केलेला सीटी स्कॅन, हेही पार्ट बी.

सगळ्यात मोठा फटका ‘ऑब्झर्व्हेशन’चा. छातीत दुखतंय म्हणून खाटेवर घेतात, दोन दिवस ठेवतात, जेवण-औषध-मॉनिटर सगळं चालू, पण कागदावर रुग्ण बाह्यरुग्ण असतो. किमान दोन मध्यरात्री ठेवावं लागेल असं डॉक्टरांना वाटलं तरच सहसा अ‍ॅडमिट करतात. ऑब्झर्व्हेशन २४ तासांच्या वर गेलं तर हॉस्पिटलने ३६ तासांच्या आत तसं लेखी कळवायचं असतं. तो कागद हातात आला की समजा, फक्त पार्ट ए असलेल्याचं ते सगळं बिल खिशातून. ‘मला अ‍ॅडमिट केलंय की ऑब्झर्व्हेशनमध्ये ठेवलंय?’ हा प्रश्न नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी विचारावा, डॉक्टरांशी बोलून दर्जा बदलून घेण्याची संधी तेव्हाच असते.

म्हणून पार्ट बी न घेता दरवर्षी तिकडे जायचं असेल तर प्रत्येक फेरीला प्रवास विमा हवाच. आणि इथल्या कंपन्यांच्या परदेश-प्रवास पॉलिसीत जुन्या आजारांवर बहुधा फक्त जीव वाचवण्यापुरता खर्च मिळतो. पॉलिसी घेताना दोन गोष्टी लेखी विचारा: मधुमेह-रक्तदाबातून उद्भवलेल्या गोष्टी धरता का, आणि प्रवासी ज्या देशाचा नागरिक आहे त्याच देशात जात असेल तर पॉलिसी चालते का. दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत.

माझं मत: हृदयाचा, कॅन्सरचा किंवा किडनीचा इतिहास असेल आणि दरवर्षी तीन महिने तिकडे जाणारच असाल, तर पार्ट बी घ्या. तब्येत ठणठणीत असेल तर आकडेमोड यांचं बरोबर.

पत्रपेटी

मेडिगॅपचा मुद्दा अजून कुणी मांडला नाही, आणि पुण्यात राहणाऱ्याने माझ्या मते सगळ्यात आधी तोच समजून घ्यायला हवा.

मूळ मेडिकेअरमध्ये पार्ट बीचे वर्षाचे पहिले २८३ डॉलर तुमचे, त्यानंतर दर बिलाचे २० टक्के तुमचे, आणि त्या २० टक्क्यांना वर मर्यादा नाही. तो भाग भरणारी खासगी पॉलिसी म्हणजे मेडिगॅप. वयाची ६५ पूर्ण झालेली असताना ज्या महिन्यात पार्ट बी सुरू होतो, तिथपासून सहा महिने कुठलीही कंपनी तुमची प्रकृती न विचारता मेडिगॅप द्यायला बांधील असते. ही खिडकी आयुष्यात एकदाच उघडते. नंतर बहुतेक राज्यांत कंपनी आजार विचारते, हप्ता वाढवते किंवा नाही म्हणते. (न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये ती वर्षभर उघडी असते. न्यू जर्सी त्यांत नाही.)

आता बघा. तुम्ही नोव्हेंबर २०२६ पासून पार्ट बी घेतलात तर खिडकी एप्रिल २०२७ अखेर बंद. तेव्हा तुम्ही पुण्यात. मेडिगॅप राहत्या राज्यात मिळतो आणि तुमचं अमेरिकेत राहतं राज्यच नाही. म्हणजे दंड वाचवायला हप्ते भरलेत आणि त्याच्या कितीतरी पट मोलाची खिडकी पुण्यात बसून जाळलीत. ७२ व्या वर्षी स्टेंट टाकून न्यू जर्सीत उतरलात तर पार्ट बी दंडाशिवाय हातात, पण २० टक्के झाकणारं काही मिळेल याची खात्री नाही. मग उरतो तो अ‍ॅडव्हांटेज, त्यात आजार विचारत नाहीत, पण नेटवर्क आणि पूर्वपरवानग्या आल्या.

उलट पार्ट बी कायमचं जाण्याच्या वेळी पहिल्यांदा घेतलात, तर खिडकी तेव्हा उघडते. दंड लागेल, पण आजार कुठलाही असो, मेडिगॅप मिळेल. म्हणूनच ‘आत्ता घेऊन ठेवू, नंतर नको वाटलं तर बंद करू’ हे सगळ्यात वाईट. पार्ट बी सीएमएस-१७६३ फॉर्मने बंद करता येतो, पण पुन्हा घेतल्यावर ही खिडकी दुसऱ्यांदा उघडत नाही.

बिलिंग_डेस्क यांच्या मुद्द्याशी याची टक्कर होते, हे मान्य. दरवर्षीच्या तीन महिन्यांसाठी पार्ट बी की पुढच्या वीस वर्षांसाठी मेडिगॅप, असा तो सौदा आहे. कायमचं जायची शक्यता खरी असेल तर मी दुसऱ्याच्या बाजूने. कधीच जायचं नसेल, पण दरवर्षी फेरी आणि जुना आजार दोन्ही असतील, तर पार्ट बी आत्ता घेणं समजण्यासारखं आहे.

बाणेर_पाषाण

सर्वांचे मनापासून आभार. मेडिगॅपची खिडकी हा प्रकार माहीतच नव्हता. तब्येत म्हणाल तर दोघांनाही मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. मग कायमचं जायचं ठरेल तेव्हा क्रम कसा ठेवायचा? आणि पार्ट डीला वेगळा दंड असतो ना?

होबोकेनकर

आठ महिन्यांची मुदत सोडून दिलीत, तर पार्ट बीसाठी दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च एवढाच दरवाजा उरतो. परदेशातून परतलो म्हणून मधेच घेता येत नाही. मेमध्ये सामानसुमान घेऊन पोचलात तर पुढचा जानेवारी उजाडेपर्यंत अर्ज नाही आणि कव्हर त्याच्या पुढच्या महिन्यापासून. मधले नऊ महिने तुमचे तुम्ही. म्हणून प्रस्थान जानेवारीभोवती बांधा. जानेवारीत अर्ज केला की १ फेब्रुवारीपासून पार्ट बी लागू. पुण्याहूनच टाकायचा असेल तर मनिलाला डिसेंबरातच कळवून ठेवा.

पार्ट डीचं उलट आहे. औषधांचा तो प्लॅन घ्यायला अमेरिकेत राहावं लागतं, त्यामुळे पुण्यातले महिने दंडात धरत नाहीत. परतलात की त्या महिन्यानंतर दोन पूर्ण महिने मिळतात. तेवढ्यात घेतला नाही तर मग दर महिन्यामागे १ टक्का, यंदाच्या ३८.९९ डॉलर या आधारभूत हप्त्यावर. पुण्यात कधीपासून कधीपर्यंत राहत होतात याचा पुरावा लागतो: पासपोर्टवरचे शिक्के, वीजबिल, मालमत्ता कराच्या पावत्या. सोसायटीचं पत्रही जोडा.

दोघांनाही मधुमेह आहे म्हणून हे लिहितो. पार्ट डीत यंदा खिशातून जास्तीत जास्त २,१०० डॉलर जातात, त्यानंतर प्लॅनमधली औषधं वर्षअखेरपर्यंत फुकट. इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही. मेडिकेअरने घासाघीस करून ठरवलेले पहिल्या दहा औषधांचे दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले, त्यांत मधुमेहाच्या जानुव्हिया, जार्डियन्स, फार्क्सिगा या गोळ्या आहेत. जाण्याआधी पुण्यातल्या डॉक्टरांकडून गोळ्यांची मूळ (जेनेरिक) नावं आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. इथल्या एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, तशीच जोडगोळी तिथे मिळेल असं नाही, आणि प्लॅन निवडताना प्रत्येक घटक वेगळा टाकून बघावा लागतो.

मेडिगॅपचे ठरावीक प्रकार इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. नव्याने येणाऱ्यांनी जी आणि एन या दोनच अक्षरांकडे बघितलं तरी पुरे. एफ आणि सी २०२० पासून पासष्टीत येणाऱ्यांना बंद आहेत. जीमध्ये पार्ट बीचे ते २८३ डॉलर सोडले तर मेडिकेअरने मान्य केलेल्या बिलात तुम्हाला जवळपास काही भरावं लागत नाही. एनचा हप्ता कमी, पण डॉक्टरांच्या भेटीला २० डॉलरपर्यंत, दाखल न होता सुटलेल्या इमर्जन्सीला ५० डॉलरपर्यंत, आणि मेडिकेअरच्या दरापेक्षा जादा आकारणारा डॉक्टर गाठलात तर तो फरक तुमचा. एकाच अक्षराची पॉलिसी सगळ्या कंपन्यांत सारखीच असते. तेव्हा हप्ता आणि गेल्या काही वर्षांत तो किती वाढवला, एवढंच विचारा. ‘शिप’ नावाने ओळखली जाणारी राज्य सरकारची फुकट सल्लासेवा हे सांगते, आणि ती काही विकत नाही.

तिकडे स्थायिक झाल्यावर हिवाळ्यात पुण्याला येणार असाल तर जी आणि एन दोन्हींत परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय आहे. २५० डॉलर तुमचे, मग ८० टक्के त्यांचे, आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत. पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच सुरू झालेला आजार चालतो. डिसेंबर ते मार्च पुण्यात राहणाऱ्याला फेब्रुवारीत काही झालं तर उपयोग नाही. बिल आधी स्वतः भरायचं, तपशीलवार बिल, डिस्चार्ज समरी आणि पैसे भरल्याच्या पावत्या हॉस्पिटल सोडतानाच मागून घ्यायच्या.

पत्नीबद्दल: तिची २४ क्रेडिट अपुरी असली तरी तुमच्या ४० वर तिला ६५ ला पार्ट ए फुकट मिळेल. पार्ट बी मात्र प्रत्येकाचा वेगळा, दंड वेगळा, मेडिगॅपची खिडकीही वेगळी. ती ६५ ची होईल तेव्हा तुम्ही निवृत्त असाल, त्यामुळे तिला नोकरीची सवलत नाही. तिच्या दंडाचे महिने तिच्या सात महिन्यांच्या मुदतीनंतर लगेच सुरू होतात.

कर्वेनगर_कॉर्नर

धाग्यात थोडं बाजूचं विचारते. आई-बाबा ६८ आणि ७१, तीन वर्षांपासून ग्रीन कार्डवर भावाकडे टेक्सासला. नोकरी कधीच तिकडे केली नाही. भावाच्या क्रेडिटवर त्यांना मेडिकेअर मिळतं का?

पत्रपेटी

मुलाच्या क्रेडिटवर नाही मिळत. इथली पीएफची वर्षंही जोडता येत नाहीत, भारत-अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा तसा करार नाही.

ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं अमेरिकेत राहणं झालं की विकत घेता येतं. ३० पेक्षा कमी क्रेडिट असतील तर पार्ट ए महिना ५६५ डॉलर, ३० ते ३९ असतील तर ३११, आणि पार्ट बीचे २०२.९० वेगळे. पार्ट ए न घेता नुसता पार्ट बी आणि डी घेता येतो, पण मग दाखल झाल्यावरचं हॉस्पिटलचं बिल उघडं राहतं. पाच वर्षं पूर्ण होण्याच्या महिन्याभोवती त्यांची स्वतःची सात महिन्यांची मुदत लागेल, ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

‘सलग’कडे नीट लक्ष द्या. गणपतीला येऊन पाडव्यानंतर परत, असा सहा महिन्यांहून लांब मुक्काम झाला तर पाच वर्षांच्या मोजणीवर प्रश्न उभा राहतो, आणि वर्षाच्या वर गेला तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. तोवर सरकारी मार्केटप्लेसवरची (खासगी आरोग्य विमा निवडून घेण्याच्या सरकारी संकेतस्थळावरची) पॉलिसी हाच रस्ता. ती १ नोव्हेंबरला उघडणाऱ्या वार्षिक मुदतीत घेता येते. बाबांना जमत असेल तर अर्धवेळ नोकरी कामाची ठरते. यंदा १,८९० डॉलर कमाईला एक क्रेडिट, वर्षाला जास्तीत जास्त चार. एकाची ४० झाली की दोघांचाही पार्ट ए फुकट.

एरंडवणे_१९

बाणेर_पाषाण, पार्ट बी लांबवायचा असेल तर पुण्यातलं कव्हर भक्कम हवं, आणि तिथेही घड्याळ चालू आहे.

ग्रुप पॉलिसी ३१ मार्चला संपेल. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज निवृत्तीच्या किमान ४५ दिवस आधी द्या, आणि आधीच्या वर्षांचं श्रेय धरून द्या असं लिहून मागा. ते मिळालं तर मधुमेहाची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजली जात नाही. ४ एप्रिलला जाऊन नवीन पॉलिसी घेतलीत तर जुन्या आजारांवर तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २०२४ पासून वयाची वरची अट गेली आहे, पण कंपनी तपासण्या करून नकार देऊ शकते, म्हणून श्रेयाचा रस्ता सोडू नका. अर्जात मधुमेह, गोळ्या, जुनी ऑपरेशनं सगळं लिहा. सलग ६० महिने झाल्यानंतर लबाडी सिद्ध केल्याशिवाय लपवाछपवीच्या नावाखाली दावा नाकारता येत नाही, पण त्याआधी येतो.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा बघा. मर्यादा ५,००० आणि खोली घेतली १०,००० ची, तर फक्त खोलीचा फरक जात नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर सगळ्याला निम्मी कात्री लागते. साठीनंतर घेतलेल्या पॉलिसींत २० टक्के को-पे (प्रत्येक दाव्यातला तुमचा वाटा) असतो का, तेही तपासा. दोघांसाठी १० लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर १० लाखांच्या डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप (पहिल्या १० लाखांवरचा खर्च देणारी जोड पॉलिसी), हे पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या खर्चाला धरून ठीक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं.

बाणेर_पाषाण

शेवटचं एक. कायमचं जाताना इथला फ्लॅट विकणार. त्याचा मेडिकेअरशी काही संबंध?

आकडेमोड

आहे, आणि मोठा आहे. पार्ट बी आणि डीचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या अमेरिकी कर-विवरणावर ठरतो. यंदासाठी २०२४ चं विवरण, जोडप्याची मर्यादा २,१८,००० डॉलर. त्या वर उत्पन्न गेलं की २०२.९० चे पहिल्याच पायरीला २८४.१० होतात, दोघांचेही, आणि सगळ्यात वरच्या पायरीला ६८९.९०. नागरिक असल्यामुळे जगभरचं उत्पन्न त्यात येतं, बाणेरच्या फ्लॅटचा नफाही. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट तिकडचा कर कमी करतं, उत्पन्नाचा आकडा नाही.

राहत्या घराची सवलत मात्र पुण्यातल्या घरालाही लागू आहे. विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं मालकी आणि मुक्काम असेल तर जोडप्याचा ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा उत्पन्नात धरतच नाहीत. म्हणून फ्लॅट रिकामा ठेवून किंवा भाड्याने देऊन तीन वर्षांच्या वर थांबू नका. नफा डॉलरमध्ये मोजताना खरेदीच्या दिवशीचा विनिमय दर खरेदीला आणि विक्रीच्या दिवशीचा विक्रीला लावतात, जुनं खरेदीखत त्यासाठी जपून ठेवा.

नोकरी संपल्यामुळे उत्पन्न घटलं असेल तर एसएसए-४४ फॉर्मवर हप्ता कमी करून मागता येतो. घर विकल्याने एका वर्षी उत्पन्न फुगलं, हे कारण त्या फॉर्ममध्ये चालत नाही. तेव्हा सवलतीत न बसणारी दुसरी काही मालमत्ता विकायची असेल, गावाकडची जमीन वगैरे, तर ती पार्ट बी सुरू होण्याच्या दोन वर्षांहून आधीच्या सालात विका.